डुकरांचा खोकला आणि लसीचा शोध

डुकरांच्या खोकल्यावर बोलायचं म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी हसू उमटतं. गाय, म्हैस, शेळी, फार तर कोंबडी, इथपर्यंत आपली आस्था पोहोचते. डुक्कर आपल्या बोलण्यात येतं ते बहुधा शिवी म्हणून. पण माणसाच्या फुफ्फुसाच्या रोगांबद्दल जे ज्ञान आज आपण सहज वापरतो, त्यातला मोठा वाटा या प्राण्यानं उचलला आहे. मारलेल्या जंतूंपासून लस करता येते, हे सिद्ध झालं ते डुकरांच्या एका साथीचा माग काढताना. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला, त्याची वाटही डुकरांच्या गोठ्यातूनच गेली. आणि लस टोचूनही रोग हटत का नाही, या अवघड प्रश्नाकडे शास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा वळायला लावलं, ते डुकरांच्या फुफ्फुसातल्या जिवाणूंनी.

ही गोष्ट आज सांगण्याला आणखी एक कारण आहे. जगात जिथं मोठ्या प्रमाणावर डुकरं पाळली जातात, तिथं शेकडो जनावरं एका छपराखाली असतात. वेगवेगळ्या आयांची पिल्लं एकत्र येतात. हवेत धूळ असते, मुताचा उग्र वास असतो. बालवाडीत एका मुलाला सर्दी झाली, की आठवड्यात सगळा वर्ग शिंकू लागतो, तसंच तिथं होतं. मग पाळणारा माणूस काय करतो? खाद्यात किंवा पाण्यात अँटिबायोटिक मिसळतो. खोकला थांबतो, पण औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, आणि असे जंतू गोठ्याचं कुंपण मानत नाहीत. म्हणून डुकराच्या खोकल्यावरची चांगली लस हा केवळ डुकराच्या भल्याचा विषय राहत नाही. तुमच्याआमच्या घरातल्या आजारी माणसाला उद्या औषध लागू पडेल की नाही, याच्याशी त्याचा संबंध आहे.

सुरुवात फ्रान्सपासून करू या. १८८२ साली लुई पाश्चर यांचं लक्ष डुकरांच्या ‘रुजे’ नावाच्या साथीकडे गेलं. अंगावर लाल चट्टे उठायचे आणि जनावरं पटापट मरायची. पाश्चर यांचा तरुण सहकारी लुई थुइये यानं या रोगाचा जिवाणू शोधला. दोघांच्या ध्यानात आलं, की हा जंतू एका सशातून दुसऱ्या सशात असा नेत गेलं, तर सशाला तो अधिक घातक होतो, पण डुकरापुरता त्याचा जोर ओसरतो. या ओसरलेल्या जंतूचीच लस झाली. नोव्हेंबर १८८३ मध्ये ती जगापुढे मांडली गेली, तेव्हा थुइये हयात नव्हता. पटकीच्या साथीचा अभ्यास करायला तो इजिप्तला गेला आणि सप्टेंबरमध्ये अलेक्झांड्रियात पटकीनंच गेला. वय अवघं सत्तावीस. त्याच साथीवर काम करायला जर्मनीचे रॉबर्ट कॉख तिथं आले होते. पाश्चर आणि कॉख यांचं हाडवैर सर्वांना माहीत होतं. तरीही थुइयेच्या अंत्ययात्रेत कॉख सामील झाले.

‘रुजे’ हा फुफ्फुसाचा रोग नव्हे. पण डुकराला लस टोचून वाचवता येतं, ही उमेद त्यातून मिळाली. ती उमेद घेऊन पुढचं पाऊल टाकलं गेलं अमेरिकेत.

अमेरिकेत मक्याच्या पट्ट्यात डुकरं म्हणजे शेतकऱ्याची चालती तिजोरी होती. मका बाजारात नेण्यापेक्षा तो डुकराला खाऊ घालून डुक्कर विकणं फायद्याचं. या तिजोरीवर ‘हॉग कॉलरा’ नावाची साथ दरोडा घालत होती. १८८४ साली तिथल्या सरकारनं पशुरोगांसाठी ‘ब्युरो ऑफ अ‍ॅनिमल इंडस्ट्री’ हे खातं उघडलं. डॅनियल सामन हे त्याचे प्रमुख, आणि थिओबाल्ड स्मिथ हा पंचविशीतला तरुण त्यांचा मदतनीस. स्मिथनं आजारी डुकरांच्या शरीरातून एक जिवाणू वेगळा काढला. रोगाचं कारण हेच, असं दोघांना वाटलं. हा जिवाणू त्यांनी उष्णतेनं मारला, कबुतरांना टोचला आणि नंतर त्याच कबुतरांना जिवंत जंतू टोचले. कबुतरं जगली. साल होतं १८८६.

मेलेले जंतूही शरीराला लढायला शिकवू शकतात, ही त्या काळी फार नवी गोष्ट होती. जंतू जिवंतच हवा, मग तो दुबळा केलेला का असेना, असं तोवर धरून चाललं होतं. लेखावर नाव दोघांचं होतं, सामन यांचं आधी. प्रयोगशाळेतलं बहुतेक काम स्मिथचं. पुढं जिवाणूंच्या एका सबंध कुळालाच सामन यांच्या नावावरून ‘साल्मोनेला’ म्हणू लागले. या प्रयोगानंतर दहा वर्षांनी मुंबईत प्लेगनं थैमान घातलं. जानेवारी १८९७ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. तीही उष्णतेनं मारलेल्या जंतूंचीच लस होती. डुकरांच्या साथीमुळे ज्या तत्त्वाला पुरावा मिळाला, त्याच तत्त्वाचा आधार मुंबईकरांना मिळाला.

पण मूळ प्रश्नाचं काय झालं? कबुतरं वाचली, डुकरं मात्र मरतच राहिली. लस टोचूनही हॉग कॉलरा हटेना. कारण कळायला १९०३ साल उजाडलं. त्याच खात्यातले द श्वाइनिट्झ आणि मॅरियन डॉर्सेट यांनी आजारी डुकराचं रक्त इतक्या बारीक गाळणीतून गाळलं, की त्यातून एकही जिवाणू पार होऊ नये. तो गाळलेला द्रव निरोगी डुकराला टोचला, तरी रोग झाला. म्हणजे खरा गुन्हेगार गाळणीतूनही निसटणारा विषाणू होता. सामन आणि स्मिथ यांना सापडलेला जिवाणू मागाहून आत शिरला होता. चोरीच्या घरात सापडला म्हणून त्याला चोर ठरवलं गेलं. लस उत्तम होती, पण ती भलत्याच आरोपीविरुद्ध होती.

याच धामधुमीत स्मिथनं आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली होती. काही डुकरांमध्ये आतड्यांपेक्षा फुफ्फुसं जास्त बिघडलेली दिसत आणि त्यांत वेगळाच जिवाणू सापडे. त्या रोगाला ‘स्वाइन प्लेग’ म्हणत. जर्मनीत फ्रीडरिश लफलर हेही त्याच सुमारास याच जिवाणूपर्यंत पोहोचले होते. आज त्याला पाश्चुरेला मल्टोसिडा म्हणतात. आपल्या शेतकऱ्यांना हे नाव परकं वाटेल, पण त्याची करणी परकी नाही. पावसाळ्याच्या तोंडावर गाई-म्हशींना घटसर्पाची लस टोचतात, तो घटसर्प याच जिवाणूच्या एका प्रकारामुळे होतो.

आता पंचवीस-तीस वर्षं पुढं येऊ. १९१८ च्या शरदात इन्फ्लुएंझाच्या साथीनं जग हादरलं होतं. त्याच दिवसांत आयोवा राज्यातली डुकरं खोकू लागली. नाकं गळू लागली, ताप चढू लागला. सरकारी पशुवैद्य जे. एस. कोएन यांनी पाहिलं, की घरातली माणसं आणि गोठ्यातली डुकरं एकाच पाठोपाठ आजारी पडताहेत. त्यांनी डुकरांच्या रोगालाही ‘फ्लू’ म्हटलं. डुकराच्या मांसाच्या धंद्यातल्या लोकांना हे नाव अजिबात रुचलं नाही. गिऱ्हाईक घाबरेल, हा त्यांचा आक्षेप. कोएन मात्र आपल्या निदानावर ठाम राहिले.

दहा वर्षांनी या कोड्याला रिचर्ड शोप यांनी हात घातला. शोप हे आयोवाचेच. प्रिन्स्टनमधल्या रॉकफेलर संस्थेत पशुरोगांचा एक विभाग होता, तिथं ते पॉल लुइस यांच्या हाताखाली काम करत. त्या विभागाचे प्रमुख कोण होते? तेच थिओबाल्ड स्मिथ, आता पांढऱ्या केसांचे. एकदा भलत्या आरोपीला धरल्याचा अनुभव गाठीशी असलेला माणूस त्या इमारतीत बसला होता.

शोप आणि लुइस यांना आजारी डुकरांच्या श्वासनलिकेत एक बारीक जिवाणू सापडला. माणसाच्या इन्फ्लुएंझाबाबत १८९२ साली रिचर्ड फायफर यांनी ज्या जिवाणूला दोषी ठरवलं होतं, त्याचाच हा भाऊबंद वाटत होता. पण हा जिवाणू एकटा टोचला, तर डुकराला विशेष काही होईना. म्हणून शोप यांनी तीस वर्षांपूर्वीची गाळणीची युक्ती वापरली. गाळलेला द्रव दिला, तर डुक्कर दोन-तीन दिवस मलूल होई आणि बरं होई. गाळलेला द्रव आणि जिवाणू दोन्ही एकत्र दिले, तेव्हा मात्र खरा रोग प्रकटला. तोच ताप, तीच धाप, तोच न्यूमोनिया. १९३१ साली शोप यांनी हे प्रसिद्ध केलं. विषाणू दार उघडतो आणि जिवाणू घर लुटतो, असा तो दोघांचा मिळून केलेला गुन्हा होता. पॉल लुइस हे पाहायला उरले नव्हते. पीतज्वरावर काम करताना १९२९ साली ब्राझीलमध्ये त्यांना मरण आलं होतं.

शोप यांच्या शोधानं माणसाच्या वैद्यकाला मोठा हिसका दिला. १९१८ च्या साथीत कित्येक ठिकाणी फायफरच्या जिवाणूपासून लसी करून लोकांना टोचल्या गेल्या होत्या. त्या इन्फ्लुएंझा रोखू शकत नव्हत्या, कारण इन्फ्लुएंझा जिवाणूचा नव्हताच. शोप यांच्यानंतर दोनच वर्षांत, १९३३ साली, लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू शोधला. हे स्मिथ दुसरे, विल्सन स्मिथ. आणि ‘स्वाइन फ्लू’ हे शब्द आपल्याला कोणी समजावून सांगायला नकोत. २००९ सालच्या ऑगस्टमध्ये तोंडाला रुमाल बांधून फिरणारं पुणं पुष्कळांना आठवत असेल. त्या विषाणूच्या कुळाचा इतिहास सांगायचा, तर आयोवातल्या त्या गोठ्यांपर्यंत जावं लागतं.

इथं आपल्या मुख्य कथेचा पूर्वार्ध संपतो. त्यातून दोन गोष्टी हाती लागल्या. फुफ्फुसात जंतू सापडला, एवढ्यानं तो दोषी ठरत नाही. आणि दोषी एकटाच असतो, असंही नाही. आता उत्तरार्ध. इथला आरोपी मात्र एकटा पुरेसा होता.

१९५७ साली इंग्लंडमधल्या तीन संशोधकांनी डुकरांच्या एका जबर न्यूमोनियाचं वर्णन केलं. याच रोगाची साथ अर्जेंटिनात तपासली गेली आणि १९६४ साली तिच्यावर सविस्तर लेख लिहिले ते पुन्हा रिचर्ड शोप यांनी. तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. या रोगात संध्याकाळी धडधाकट दिसणारं डुक्कर सकाळी मेलेलं आढळतं. नाकातोंडातून रक्ताळलेला फेस आलेला असतो. फुफ्फुसाचा भाग काळसर-लाल, यकृतासारखा घट्ट झालेला आणि छातीच्या आवरणाला चिकटलेला. जिवाणूला पुढं नाव मिळालं अ‍ॅक्टिनोबॅसिलस प्लुरोन्युमोनी. आपण त्याला सोयीसाठी ‘एपीपी’ म्हणू, पशुवैद्यही तसंच म्हणतात. त्याच्या पहिल्या प्रकाराचा जो प्रमाण वाण आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात, त्याचं नाव ‘शोप ४०७४’ असं आहे. १९६६ साली शोप गेले, पण त्यांचं नाव त्या शीशीवर राहिलं.

जंतू हाती आला, आता लस अवघड नाही, असं कोणालाही वाटेल. जंतू वाढवा, मारा, टोचा. पाऊणशे वर्षांपूर्वीचीच कृती. तशा लसी झाल्याही. त्यांनी मरणारी डुकरं कमी झाली, पण समाधान झालं नाही. पहिली अडचण म्हणजे या जंतूचे प्रकार अनेक. जंतूच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं एक आवरण असतं आणि प्रत्येक प्रकाराचं आवरण वेगळं. सुरुवातीला मोजके प्रकार ठाऊक होते, आज एकोणीस मोजले जातात. एका प्रकाराची लस दुसऱ्या प्रकारापुढे लंगडी पडे. दुसरी अडचण अशी, की लस टोचलेलं डुक्कर मरत नसे, पण त्याची फुफ्फुसं बिघडत आणि टॉन्सिलमध्ये जंतू लपून बसत.

या गोंधळात एक निरीक्षण फार मोलाचं ठरलं. डेन्मार्कमध्ये रॅग्नहिल्ड नील्सन आणि इतरांच्या कामातून दिसलं, की ज्या डुकराला हा रोग खरोखर होऊन गेला आणि ते जगलं, त्याला नंतर दुसऱ्या प्रकारांपासूनही संरक्षण मिळतं. म्हणजे खऱ्या रोगातून डुकराचं शरीर असं काहीतरी शिकत होतं, जे मारलेल्या जंतूंच्या लसीतून त्याला शिकायला मिळत नव्हतं. ते काय?

उत्तर मिळालं १९८० च्या आणि १९९० च्या दशकांत. हा जिवाणू विषं सोडतो. फुफ्फुसात जंतू गिळायला धावून येणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांच्या आवरणाला ही विषं भोकं पाडतात. पहारेकरीच मारले जातात आणि त्यांच्या पोटातला दाहक माल फुफ्फुसभर सांडतो. फुफ्फुसाची जी नासाडी दिसते, ती बरीचशी यामुळे. या विषांना ‘एपीएक्स’ असं नाव देऊन त्यांना क्रमांक दिले गेले. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथं योआखिम फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं यात मोठं काम आहे. गंमत अशी, की आवरणाचे प्रकार पुष्कळ, पण पहिली तीन विषं घेतली, तर प्रत्येक प्रकाराकडे त्यांतलं एक तरी, बहुतेकांकडे दोन, असतातच. म्हणजे जंतूचा अंगरखा निरनिराळा, पण हातातली हत्यारं तीच.

आता जुन्या लसीचा दोष लक्षात येतो. हे विष जंतू स्वतःच्या शरीरात साठवत नाही, बाहेर सोडतो. प्रयोगशाळेत जंतू रश्श्यात वाढवले, मग ते बाजूला काढून धुतले आणि मारले, की विष धुवणाबरोबर मोरीत जातं. जे शिकवायचं तेच फेकून दिलं जात होतं. शिवाय ‘एपीएक्स’चा चौथा प्रकार तर हा जंतू डुकराच्या अंगात शिरल्यावरच बनवतो, काचेच्या भांड्यात तो सापडतच नाही. बरणीतला जंतू आणि फुफ्फुसातला जंतू एकच असला, तरी दोघांची वागणूक एक नसते.

विषाविरुद्धची लस ही कल्पना मात्र नवी नव्हती. घटसर्पासारखंच नाव असलेला माणसाचा रोग, घशात पांढरा पडदा आणणारा डिप्थेरिया, याच रीतीनं काबूत आला. १९२३ साली पॅरिसमध्ये गास्तों रामों यांनी डिप्थेरियाचं विष फॉर्मालिननं निरुपद्रवी केलं. विषाचा दात काढला, पण चेहरा तोच ठेवला. शरीर तो चेहरा ओळखायला शिकतं. धनुर्वाताची सुई आपण घेतो, तीही याच जातीची. डुकराच्या बाबतीत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी पहिली तीन विषं निरुपद्रवी करून आणि जंतूच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन जोडून लस तयार केली. एकाच लसीत सर्व प्रकारांविरुद्ध संरक्षण, ही तिची जमेची बाजू. मरण आणि फुफ्फुसाची नासाडी तिनं नक्की कमी केली. टॉन्सिलमध्ये दडलेला जंतू मात्र तिलाही हुसकता आला नाही.

दुसरा आरोपी अगदी उलट स्वभावाचा. एपीपी दरोडेखोर, तर हा भुरटा चोर. डुकरं मरत नाहीत. महिनोन्महिने कोरडा खोकला, खाल्लेलं अंगी न लागणं, वाढ खुंटणं. १९५१ साली केंब्रिजमध्ये गुलराजानी आणि बेव्हरिज यांनी दाखवलं, की हा संसर्गजन्य न्यूमोनिया स्वाइन इन्फ्लुएंझाहून वेगळा आहे. जिवाणू काही सापडत नव्हता, म्हणून हा विषाणूच असणार असं ठरवून रोगाला ‘व्हायरस न्यूमोनिया’ म्हणू लागले. हॉग कॉलऱ्याच्या वेळी विषाणूला जिवाणू समजले होते. इथं बरोबर उलटं झालं. १९६५ साली केंब्रिजमध्ये गुडविन, पोमरॉय आणि व्हिटलस्टन यांनी, तर अमेरिकेत आयोवामध्ये मारे आणि स्विट्झर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे खरा कर्ता पकडला. तो होता मायकोप्लाझ्मा. अतिशय लहान, पेशीला भिंतच नसलेला आणि वाढायला कमालीचा हट्टी असा जिवाणू. रोजच्या रश्श्यात तो वाढत नाही. डुकराच्या रक्तातला द्रव घालून लाडानं वाढवावा, तर त्याची वसाहत दिसायला आठवडे लागतात. भिंत नसल्यानं पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम नाही, कारण पेनिसिलिन भिंतीवरच घाव घालतं.

हा जंतू रक्तात शिरत नाही. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केस असतात. ते सतत हलत असतात आणि धूळ व जंतू वर ढकलून बाहेर काढतात. जणू झाडूवाल्यांची रांगच. मायकोप्लाझ्मा या केसांना चिकटतो आणि ते झडतात. झाडलोट थांबली, की पाश्चुरेलासारखे इतर जंतू खाली उतरतात. म्हणजे शोप यांचा दार उघडण्याचा सिद्धांत इथं पुन्हा भेटतो, फक्त दार उघडणारा यावेळी जिवाणू आहे. मारलेल्या मायकोप्लाझ्माच्या लसी १९९० च्या दशकात बाजारात आल्या आणि डुकरांच्या लसींमध्ये सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्यांपैकी ठरल्या. त्यांनी खोकला कमी होतो, फुफ्फुसावरचे डाग कमी होतात, रोजची वजनवाढ साधारण दोन ते आठ टक्क्यांनी सुधारते. मात्र जंतू केसांना चिकटायचा राहत नाही आणि एका डुकराकडून दुसऱ्याकडे जायचाही थांबत नाही. कारण उघड आहे. लस टोचतो स्नायूत, तिचा पहारा बसतो रक्तात, आणि चोर फिरतो श्वासनलिकेच्या पृष्ठभागावर. म्हणून चीनमधल्या शास्त्रज्ञांनी दुबळा केलेला जिवंत मायकोप्लाझ्मा थेट फुफ्फुसात देण्याचा मार्ग धरला.

मग पूर्ण यश कुठं मिळालं? नाकात. डुकराचं नाक वाकडं करणारा एक रोग आहे. त्याचं वर्णन जर्मनीत १८३० सालीच झालं होतं. नाकातली नाजूक हाडं विरघळतात, मुस्कट आखूड होतं, एका बाजूला वळतं. दीडशे वर्षं त्याचं खापर कधी वंशावर, कधी खाद्यावर फुटलं. १९५६ साली बॉर्डेटेला नावाचा जिवाणू संशयित ठरला. डांग्या खोकल्याचा जंतू याचाच नातेवाईक. पण १९८० च्या सुमारास हॉलंड आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दाखवलं, की हाडं कायमची खाणारं विष पाश्चुरेलाच्या काही वाणांचं असतं. बॉर्डेटेला नाकाचं अस्तर दुखवून त्याला जागा करून देतो. विष कळलं, त्याचा दात काढून लस झाली. आणि ती पिल्लांना न टोचता त्यांच्या आईला टोचायची ठरली.

यामागचं कारण मोठं सुंदर आहे. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच तिच्या रक्तातली प्रतिपिंडं मिळतात. डुकराच्या पिल्लाला ती मिळत नाहीत. ते अगदी निःशस्त्र जन्माला येतं. त्याचं सगळं कवच पहिल्या दिवसाच्या चिकात असतं. चोवीस तासांत त्यानं पोटभर चीक प्यायला, तर आईला जे जे रोग ठाऊक, त्यांविरुद्धची ढाल त्याला मिळते. विण्याच्या आधी मादीला लस टोचली, की नाकाच्या रोगाविरुद्धची ढाल चिकातून पिल्लाकडे जाते. हाडं कोवळी असतात, तेवढ्या काळापुरती ती पुरते. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीनं खातो, पण वासराच्या वाट्याचा पहिला चीक कोणी हिरावू नये, असं जाणती माणसं सांगत आली. त्यामागचं शास्त्र हेच.

हीच ढाल कधी आड येते. पिल्लाच्या रक्तात आईची प्रतिपिंडं असताना लस टोचली, तर ती प्रतिपिंडं लसीलाच निकामी करू शकतात. उशिरा टोचावी, तर तोवर जंतू आत. त्यामुळे कोणत्या आठवड्यात टोचायचं, हा हिशेब गोठ्यागणिक करावा लागतो. लस शोधणं हे प्रयोगशाळेचं काम, पण ती लागू पडते की नाही, हे गोठ्याच्या वेळापत्रकावर ठरतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. स्वीडननं १९८६ सालीच वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालायला बंदी केली. युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून ती सर्वत्र लागू केली. भारतानं २०१९ साली कोलिस्टिन या अखेरच्या फळीतल्या औषधाचा खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांतला वापर थांबवला. औषधाची कुबडी काढली, की दोनच आधार उरतात. एक लस, दुसरा गोठा. स्वित्झर्लंडनं १९९६ ते २००४ या काळात मायकोप्लाझ्माचा न्यूमोनिया आणि एपीपीचा रोग यांविरुद्ध देशभर मोहीम चालवली, ती लसीच्या बळावर नव्हे. विभागामागून विभाग घेऊन कळप रिकामे केले किंवा वयस्क जनावरंच ठेवून औषधोपचार केले, गोठे स्वच्छ केले आणि निरोगी डुकरं आणली. लहान देश, शिस्तीची नोंद आणि सरकारचा पैसा, म्हणून ते जमलं. बाकीच्यांना लस आणि व्यवस्था या दोन्हींची सांगड घालावी लागते.

आपल्याकडे २०१९ च्या पशुगणनेत सुमारे नव्वद लाख डुकरं मोजली गेली. त्यांतली निम्म्याच्या आसपास ईशान्य भारतात, सर्वांत जास्त आसामात. तिथं डुक्कर म्हणजे चार-दोन जनावरं पाळणाऱ्या बाईची बचत. मुलाची फी आणि घरातलं आजारपण त्यावर निघतं. तिच्या गोठ्यात खोकला शिरला, तर कोणत्या जंतूचा कोणता प्रकार, हे सांगणारी प्रयोगशाळा जवळ नसते. आणि आपण पाहिलं, की आरोपी नीट ओळखल्याशिवाय लस वाया जाते. पशुरोगांवरची आपली सर्वांत जुनी संशोधन संस्था, आजची भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था, १८८९ साली सुरू झाली ती पुण्यात. नंतर ती मुक्तेश्वरला आणि पुढं इज्जतनगरला गेली. परंपरा आपल्यापाशी आहे. निदानाची सोय गावापर्यंत पोहोचवायची आहे.

या शतकाहून लांब कथेत हुशार माणसांना भलताच आरोपी सापडला, कधी अर्धाच सापडला, कधी आरोपी बरोबर असून त्याचं हत्यार हातून निसटलं. दर वेळी कोणीतरी मेलेल्या डुकराचं फुफ्फुस पुन्हा उघडून पाहिलं, म्हणून पुढचं पाऊल पडलं. आपल्या घरातल्या बाळाला दवाखान्यात जी पाच रोगांवरची एक लस मिळते, तिच्यात डिप्थेरिया आणि धनुर्वात यांच्या विषांवरचा उतारा आहे, आणि फायफर यांनी ज्याला चुकून इन्फ्लुएंझाचा कर्ता ठरवलं होतं, त्या जिवाणूवरचाही आहे. सुई टोचली की बाळ रडतं, आई त्याला छातीशी धरते, आणि दोघं घरी येतात. त्या एका सुईत गोठ्यातल्या मुक्या जनावरांचीही शिदोरी आहे, एवढं आपण ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं.